अंगठ्यावरचा चुना

दिवा तुमच्या बाजूला सरकवतो, साहेब. भाकरी गरम आहे तोवर खाऊन घ्या. शाळा तपासायला आलेला माणूस आमच्या वस्तीत मुक्कामाला राहिला, असं आजवर कधी झालेलं नाही. जाफराबादची मोटर चुकली हे तुमचं नुकसान, पण माझा फायदाच. दुपारी अंगणातल्या बाजेवर पडलात ते चांगलं केलंत. मी मुलांना सोडून परत आलो तेव्हा तुम्ही नुकतेच उठून बसला होतात. कोणी उठवलं, की आपोआप जाग आली?... असू द्या.

रात्रीसाठीही तीच बाज झटकून ठेवली आहे. चैत्रात आमच्याकडे घरात कोणी झोपत नाही. फक्त निजण्यापूर्वी एक गोष्ट ऐकून घ्या. पाहुण्याला ती न सांगता झोपू देणं मला बरं वाटत नाही. भिऊ नका. गोष्ट आनंदाची आहे. निदान मी तरी ती तशीच धरतो.

तेव्हा मी नुकताच परत आलो होतो. बंगालात, कलकत्त्याजवळच्या पाठशाळेत, मिशनच्या खर्चानं धर्मशास्त्र आणि ग्रीक भाषा शिकलो. वडील जालन्याला दवाखान्यात कंपाउंडर. तिथंच नोकरी बघ, असं ते म्हणत होते. पण मला ही वस्तीच हवी होती. माझं लहानपण इथं गेलं. टेंभुर्णीच्या रस्त्यावरून ओढा ओलांडला की पन्नासेक उंबरे, कौलारू प्रार्थनामंदिर, त्याला चिकटून ही शाळेची खोली आणि दुसऱ्या टोकाला कबरस्तान. एवढंच आमचं जग. मी डोक्यात केवढं काय काय घेऊन आलो होतो! शाळा, वाचनालय, रात्रीचे वर्ग. आणि एक क्रियापद.

हसू नका. खरंच एक क्रियापद घेऊन आलो होतो. 'कोइमाओमाइ'. ग्रीक लोक दिवसाचं काम संपवून अंथरुणावर पडत, डोळा लागे, त्यासाठी वापरायचं साधं घरगुती क्रियापद. आणि आमच्या धर्माचे पहिले लोक, ज्यांनी ते शास्त्र लिहिलं, ते आपल्या मेलेल्या माणसांसाठी हेच वापरत. मेला म्हणत नसत. निजला म्हणत. त्याच मुळापासून कबरस्तानाला त्यांनी नाव दिलं, त्याचा अर्थ निजायची जागा. सराईतल्या निजायच्या खोलीला म्हणत, तेच नाव. आमच्या बुटक्या बंगाली प्राध्यापकांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मी वर्गातून उठून थेट नदीकाठी पळत गेलो होतो. वाटलं, बाकी सगळी पुस्तकं इथंच राहिली तरी चालतील. एवढं एक नेऊन आपल्या माणसांना द्यावं.

ईस्टर म्हणजे आमचा पुनरुत्थानाचा सण. प्रभू कबरीतून उठला, त्याची पहाट. त्या पहाटे अंधार असतानाच सारी वस्ती कबरस्तानात जमते आणि सूर्य वर येईपर्यंत गाते. आदल्या शनिवारी सगळ्या कबरींना चुना लागतो. तो चुना आणायला मी आणि रामकिसनदादा बैलगाडीनं टेंभुर्णीला निघालो होतो. रामकिसनदादा म्हणजे आमच्या पंचांतला मोठा. आवाजही मोठा, पोटही मोठं.

"मास्तर," तो म्हणाला, "औंदा पहाटचं राहू द्या. ऊन पडल्यावर जमू. न्हाई तरी कोणाला जाग येनार हाय? कचरूमामा गेला, तवापासून वस्ती आठ वाजेलोक घोरून राह्यली."

कचरूमामा म्हणजे आमचा उठवणारा. हे काम त्याला कोणी दिलं नव्हतं. पण माझ्या लहानपणापासून रोज पहाटे तो मंदिराच्या बाजूनं सुरुवात करी आणि एकेका अंगणातल्या बाजेपाशी थांबे. हाक मारत नसे, अंगाला हात लावत नसे. नुसता पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच ओढी आणि म्हणे, "उजाडलं..." मग थांबे. आपण 'उठलो' म्हणेपर्यंत अंगठा सोडायचा नाही, हा त्याचा नेम. उजव्या हाताचा अंगठा त्यानं तरुणपणी कडबा तोडताना कुऱ्हाडीखाली गमावला होता, म्हणून दोन बोटांची ती पकड. वस्तीतलं लेकरू सुद्धा झोपेत ओळखायचं. सगळ्यांत शेवटी, कबरस्तानाजवळ, त्याचं स्वतःचं घर. बायकोला, साळूबाईला, तो सर्वांत शेवटी उठवी. "तिला जरा जास्त निजू द्यावं," म्हणे.

"तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पण उठवलं होतं म्हणे त्यानं," मी रामकिसनदादाला छेडलं.

"उठवलं? माझा म्हून पुष्पाचा अंगठा वढला की त्यानं! ती वरडली, मी वरडलो, आन् म्हातारा आपला धरूनच उभा. 'उठलो म्हना' म्हन्तो. म्हनावं लागलं ना!" बैलही दचकावेत असा तो हसला. मग कासरा ढिला सोडून म्हणाला, "चांगला मानूस व्हता. श्रावनात गेला. निजला तो उठलाच न्हाई."

"या वर्षी मी उठवीन," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. "तुमी? मागच्या आइतवारी उपासनेची घंटा कोनी वाजवली?"

ती पुष्पावहिनींनी वाजवली होती. मी खोलीत झोपलो होतो.

रामकिसनदादा हसत होता, पण माझं लक्ष त्याच्या आधीच्या वाक्यापाशी अडकलं होतं. निजला तो उठलाच नाही. कारण त्या सणाला माझ्या मनात कचरूमामापेक्षा साळूबाईची काळजी जास्त होती.

साळूबाई झोपत नव्हती. झोप येत नव्हती असं नाही, ती झोपायला तयार नव्हती. श्रावणातल्या त्या रात्री मामा जेवून, "जरा पडतो," म्हणून बाजेवर आडवा झाला. सकाळ झाली तरी तिला कोणी उठवलं नाही. ती दचकून उठली, त्याच्याजवळ गेली, त्याच्या पायाचा अंगठा धरला आणि ओढला. पुन्हा ओढला. दुपारपर्यंत तिनं तो सोडला नाही. बायका म्हणाल्या, "साळूबाय, निजलाय गं तो, सोड." त्या दिवशी तिच्या बांगड्या फुटल्या आणि बाज भिंतीशी उभी राहिली. तेव्हापासून ती रात्रभर भिंतीला टेकून बसायची. मान कलली की चिमटा काढून जागी व्हायची. डोळे आत गेले, हातातली भाकर खाली पडू लागली. वडिलांनी जालन्याहून डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही अशीच जागी राहिली तर पाऊस बघणार नाही. झोपेची पूड दिली ती साळूबाईनं चुलीत टाकली.

आणि डॉक्टरीणबाई येण्याच्या आधीच्याच रविवारी मी व्यासपीठावरून माझं क्रियापद सांगितलं होतं! किती रंगून सांगितलं! रामकिसनदादा म्हणाला, "झकास झालं मास्तर, पर लांबलं." साळूबाई मात्र दारात थांबली होती.

"म्हंजे निजनं आन् मरनं एकच," ती म्हणाली. "मला वाटून राह्यलं ते बराबरच हाय म्हना."

मी तर उलट बाजूनं सांगत होतो. मरण भ्यायचं नाही म्हणून सांगत होतो. तिनं ते झोपेला भ्यायचं म्हणून घेतलं. मी बरंच काही बोललो. ती मान हलवत चालती झाली.

तर शनिवारी दुपारी चुना भिजला. मोठ्या रांजणात चुन्याच्या कळ्या फसफसून उकळल्या, तो तिखट ओला वास साऱ्या कबरस्तानात भरला. ऊन डोक्यावर, कडुलिंबाला मोहर. घायपाताचे कुंचले घेऊन सगळी वस्ती उतरली. आमच्याकडे हा दिवस रडायचा नसतो, साहेब. पोरं एकमेकांच्या नाकाला चुना लावत होती. पुष्पावहिनी आपल्या सासूच्या कबरीला तीन हात देत म्हणत होत्या, "जितेपनी एक लुगडं कधी पसंत पडलं न्हाई म्हातारीला, आता तरी घ्या म्हनावं मनासारकं पांढरं."

साळूबाई कुंपणाबाहेर उभी होती. मी कुंचला घेऊन तिच्याकडे गेलो.

"मामी, मामाच्या कबरीला तुम्हीच लावा."

"न्हाई." तिचा आवाज वाळलेल्या पानासारखा झाला होता. "मास्तर, तुमी लई शिकून आल्ते. एक सांगता का? ज्यानं जल्मभर साऱ्यायला उठवलं, त्याला कोन उठवनार?"

"प्रभू उठवील, मामी."

"ते ठीक हाय. त्याचं त्याच्यावाला देव बघंल. पर माझं काय? मला रोज त्यायनी उठवलं. लगीन झालं तवापासून एक पहाट चुकली न्हाई. आता मी निजले आन् कोनी अंगठा वढलाच न्हाई, तर?... मी कशाच्या भरवशावर डोळा मिटू?"

इतके महिने आम्ही तिला धीर, औषध, प्रार्थना, सगळं दिलं होतं. तिला काय हवं ते कोणी विचारलं नव्हतं. तिला उठवणारा हवा होता. मला एकदम केवढा हलका आनंद झाला! मी कुंचला खाली टाकला.

"मी उठवीन. तुम्ही आज झोपा. बाज काढा, पाय बाहेर ठेवून झोपा. पहाटे मी येईन, अंगठा ओढीन आणि तुमचं 'उठले' ऐकल्याशिवाय हलणार नाही. शपथ."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. "दोन बोटांनी," ती म्हणाली.

"दोन बोटांनी."

"आन् जर का तुमी आलेच न्हाई?"

"असं कसं होईल, मामी?"

"हां." ती वळली. "मंग बाज काढते. पर मास्तर, न्हाई आले, आन् मला आपोआप जाग आली ना, तर पुन्यांदा मी कोनाचंच ऐकनार न्हाई. समजून ऱ्हा."

मी समजलो होतो. ही एकच संधी होती. पुन्हा ती पाठ टेकणार नव्हती, आणि पाऊस दूर नव्हता.

दिवस मावळता मावळता रांजणाच्या तळाचा घट्ट चुना उरला होता, तो मी स्वतः कचरूमामाच्या कबरीला लावला. दाट, एकसारखा. हातानं गुळगुळीत केला, कुठं रेघ राहू दिली नाही. मग विहिरीवर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. हे लक्षात ठेवा, साहेब.

येताना साळूबाईच्या अंगणात पाहिलं. बाज आडवी झाली होती. तिनं दार ओढलं, येशूचं नाव घेतलं आणि पांघरुणात शिरली. पाय बाहेर होते. शेजारणी कुंपणापलीकडून डोळ्याला पदर लावून बघत होत्या.

मी ठरवलं, आपण झोपायचंच नाही. अंगणात बाज टाकली, कंदील उशाशी, पुस्तक हातात. पुष्पावहिनींनी जाता जाता आवाज दिला, "मास्तर, डोळ्याला कांदा चोळा!" मी हसून हात केला. जेवण जड झालं होतं, दिवसभराचं ऊन अंगात होतं. जरा पाठ टेकली... आणि मग माझं क्रियापद माझ्यावरच चालून आलं.

जाग आली ती गारव्यानं.

चैत्रातला नव्हे, विहिरीच्या तळाचा असतो तसला गारवा. कंदील विझला होता. आभाळात अजून चांदण्या होत्या, पण पूर्वेकडं काळं जरा विरळ झाल्यासारखं. कुत्रं भुंकत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. माझा पाय गार पडला होता. आधी मला कळलंच नाही की तो कोणी धरला आहे.

उजव्या पायाचा अंगठा. दोन बोटं. एक वरून, एक खालून... हाताचा अंगठा नाहीच. हलकेच ओढला. ती पकड मी लहानपणी हजारदा अनुभवली होती. पाय विसरत नाही, साहेब, डोकं विसरेल.

ओल्या चुन्याचा वास आला.

"उजाडलं..."

हे मी कानांनी ऐकलं की मला आठवलं, ते मी आजही सांगू शकत नाही. बोटं थांबली. ती वाट बघत होती. एक शब्द म्हणायचा होता, तीन अक्षरं, लेकरालाही येतात. मला जीभ सापडेना. मी डोळे गच्च मिटून पडून राहिलो. छातीचे ठोके बाजेच्या सुंभात ऐकू येत होते... बोटं तशीच... मग गारवा सरकला.

मी उडी मारून उठलो. काडी ओढली, कंदील लावला. अंगणात कोणी नव्हतं.

आणि तेवढ्यात शेजारच्या अंगणातून पुंजाराम सुताराचा झोपाळू आवाज आला.

"उठलो, उठलो..."

जरा वेळानं त्याच्या पलीकडून दुर्गाबाई. "उठले." मग तिच्या सुनेचा बारीक आवाज. मग समोरच्या ओळीतून कोणी खाकरलं. "उठलो." एकापाठोपाठ एक, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, चालत्या माणसाच्या गतीनं ती उत्तरं अंधारातून पुढं पुढं जात होती. प्रश्न मला ऐकू येत नव्हता. फक्त उत्तरं. मध्ये एकदा रामकिसनदादाचा दांडगा आवाज उठला. "आवं उठलो म्हन्लं ना! सोड की मामा!" आणि त्याच्या मागोमाग, फार हळू, "...मामा?"

मग मला भान आलं. ही रांग कुठं संपते ते आठवलं. साळूबाई!

मी कंदील घेऊन पळालो. काट्याकुट्यांतून, अनवाणी. उत्तरं माझ्या पुढं होती आणि मी त्यांना गाठू शकत नव्हतो. एकच भीती. तिला उठवणार आहे तो, की सोबत नेणार आहे?

तिच्या कुंपणापाशी पोचलो आणि थांबलो. बाज दहा पावलांवर होती. कंदिलाचा उजेड पायथ्यापर्यंत जेमतेम पोचत होता. साळूबाई उताणी निजली होती, गाढ. कितीतरी महिन्यांनी मी तो चेहरा सैल झालेला बघत होतो. पांघरुणाबाहेर तिचे भेगाळलेले दोन पाय.

बाजेपाशी कोणी नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या उजव्या पायाचा अंगठा इतर बोटांपासून वेगळा झाला... पुढं ताणला गेला... आणि तसाच राहिला.

मी हाक मारणार होतो.

ती झोपेत हसली. नवी नवरी हसते तशी, ओठांच्या कोपऱ्यात. "उठले वो," ती म्हणाली. "उठले... सोडा आता. लोक बघतेत."

अंगठा सुटला. त्याच क्षणी ओढ्याकडच्या झाडांत पहिलं पाखरू बोललं, आणि लगेच सगळीच.

साळूबाईनं डोळे उघडले. मान वळवून मला पाहिलं. कंदील हातात, कुंपणापलीकडं, दहा पावलांवर.

"मास्तर? तुमी तिथं काहून उभे?"

तिनं पाय जवळ ओढला, अंगठा बघितला, बोटानं चाचपून बघितला. मग माझ्याकडं. मग कबरस्तानाकडं. मला वाटलं, आता ही किंचाळेल. ती खदखदून हसायला लागली, साहेब. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबेना.

सूर्य यायच्या आत अख्खी वस्ती कबरस्तानात हजर होती. असं कचरूमामाच्या काळातही झालं नव्हतं. त्याही काळात दोनचार बिलंदर 'उठलो' म्हणून पुन्हा निजायचे. ढोलकी आली, झांजा आल्या, हातोहात मेणबत्त्या. आणि सगळे माझ्यावर तुटून पडले.

"मास्तर, उठवलं ते उठवलं, हात तरी धुऊन यायचं!" पुष्पावहिनी पाय पुढं करून म्हणाल्या. "बघा, अंगठा केवढा पांढरा!"

"मास्तरनं अख्ख्या वस्तीला चुना लावला!" पुंजाराम ओरडला आणि हशा उसळला. प्रत्येक जण पाय दाखवू लागला. लेकरांचे, म्हाताऱ्यांचे, सगळ्यांचे उजवे अंगठे.

मी दोन्ही हात मेणबत्तीच्या उजेडात धरले. नखांतसुद्धा पांढरं नव्हतं.

रामकिसनदादा हसत नव्हता. तो खाली वाकून आपल्या बायकोचा पाय बघत होता. "पुष्पा," तो हळूच म्हणाला, "हे बघ. दोनच बोटं हायेत. हाताच्या अंगठ्याचा ठसा न्हाई."

झांजा थांबल्या. पन्नास उंबऱ्यांची माणसं आपापल्या पायांकडं बघत उभी.

साळूबाई गर्दीतून पुढं झाली आणि कचरूमामाच्या कबरीपाशी गेली. आम्ही मागोमाग. आदल्या संध्याकाळी मी गुळगुळीत केलेला तो घट्ट चुना. त्याच्या उजव्या कडेला एक पंजा खोल उमटला होता. जमिनीवर झोपलेला माणूस उठताना हातावर भार देतो, तसा. चार बोटं. जिथं अंगठा असतो तिथं चुना कोरा.

साळूबाई गुडघ्यावर बसली. तिनं कबरीच्या पायथ्याला दोन बोटं लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उजाडलं..."

आम्ही थांबलो. नेमच तसा. उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. कुठं पानही हललं नाही. कोणीतरी दात वाजवत होतं, बहुधा मीच.

"उत्तर कुठून येनार?" साळूबाई वर बघून म्हणाली. चेहरा नुसता उजळला होता. "घरात कोनी असंल तर ना! म्हातारा कवाच उठून गेलाय कामाला."

आणि त्या क्षणी ढोलकीवर थाप पडली. कोणी मारली, ते त्या गर्दीत कोणी बघितलं नाही. सगळे गाऊ लागले. असं गाणं मी कलकत्त्याच्या मोठ्या मंदिरांतही ऐकलं नाही. रामकिसनदादा रडत होता आणि नाचतही होता, आणि सूर्य टेंभुर्णीच्या बाजूनं वर आला तेव्हा सगळ्या पांढऱ्या कबरी एकदम गुलाबी झाल्या.

त्या सोमवारी साळूबाई टेंभुर्णीच्या बाजारात गेली आणि कासाराकडून कोपराकडं सरकतील इतक्या हिरव्या बांगड्या भरून आली. बायकांनी नावं ठेवली. ती म्हणाली, "माझा मानूस कामावर जातो, मी हात मोकळे काहून ठिवू?" त्यानंतर ती बिलकुल सुखानं झोपायची. दुपारीसुद्धा! डॉक्टरीणबाई बघायला आल्या तर घोरत होती. तिनं तो पाऊस बघितला, पुढचाही बघितला.

माझं म्हणाल, तर वस्तीत पुन्हा कोणाचा अंगठा ओढला गेला नाही. सगळ्यांनी उत्तर दिलं होतं ना. मी दिलं नव्हतं. म्हणून माझ्याकडं तो रोज येतो. सुरुवातीला भीतीनं तोंड उघडलं नाही. आता मुद्दामच उघडत नाही. उत्तर दिलं की तो पुढं जाईल, आणि मग माझ्या त्या क्रियापदाची साक्ष द्यायला माझ्यापाशी पुस्तकाशिवाय काय राहील? एक दिवस देणारच आहे. मात्र त्या दिवशी मी कुठल्या अंथरुणावर असेन, ते मला कळून चुकलं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

साळूबाई गेल्या महिन्यात गेली. झोपेत, पाय बाहेर ठेवून, हसऱ्या तोंडानं. तिला बांगड्यांसकट निजवलं आम्ही. तेव्हापासून पहाटे माझे दोन्ही अंगठे एकदम ओढले जातात. उजवा दोन बोटांनी. डावा मऊ, पुऱ्या पकडीनं. आणि पायथ्याशी काच किणकिणते.

म्हणून सांगतो, तुम्ही मात्र लगेच उत्तर द्या, नाही तर ते तुमच्याकडंही रोज येत राहतील. लाजू नका. आणि... जरा पाय इकडं करता का, साहेब? दिवा धरतो. नाही, दोन्ही.

दोन्ही अंगठे पांढरे! दुपारी त्या बाजेवर तुम्ही निजलात, तेव्हा वस्तीत कोणी चुना भिजवलेला नव्हता. सणाला अजून पंधरा दिवस आहेत.

आठवून बघा बरं. झोपेत काही म्हणाला होतात का तुम्ही?... 'उठलो' म्हणालात ना?